भुईभाडं, सूर्यास्त आणि काकूंचा फ्लॅट

गेल्या हिवाळ्यात हॅरोहून एका काकूंचा फोन आला. "तू इतिहासातली डॉक्टर ना? जुनी कागदपत्रं वाचतेस. माझाही एक जुना कागद वाचून दे."

कागद म्हणजे त्यांच्या फ्लॅटचं लीज, १९७३ सालचं, ९९ वर्षांचं. सोबत मॅनेजिंग एजंटचं ताजं पत्र. दोन वर्षांचं भुईभाडं थकलं, म्हणून १०० पौंड. 'प्रशासकीय खर्च' १८० पौंड. वसुलीसाठी प्रकरण पुढे पाठवल्याचे २४०. एकूण ५२० पौंड सात दिवसांत भरा, नाहीतर लीज रद्द करून फ्लॅट ताब्यात घेण्याची कारवाई सुरू होईल. काकूंनी त्याच संध्याकाळी फोनवरून कार्डाने सगळे पैसे भरून टाकले होते. मी म्हटलं, "काकू, आधी विचारायचं ना." त्या म्हणाल्या, "घर जातंय म्हटल्यावर हिशेब करत बसू? चाळीस वर्षं राहतेय मी इथे."

घराचं कर्ज कधीच फिटलंय, काका गेले, मुलगी कॅनडात. शंभर पौंडांपायी घर जाऊ शकतं, ही धमकी ज्या समाजात खरी वाटते त्याचा इतिहास काय, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. लीजमध्ये एक वाक्य होतं: भाडं २५ मार्च आणि २९ सप्टेंबरला देय, 'मागणी केली असो वा नसो'. हे शेवटचे शब्द कुठून आले, ते मला माहीत होतं.

इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत भाडं थकलं म्हणून जमीन परत घ्यायची तर मालकाला स्वतः किंवा मुखत्याराला पाठवून मागणी करावी लागे. तीही कशी? नेमक्या देय दिवशी, त्या जागेवर, घर असेल तर पुढच्या दारात उभं राहून, सूर्यास्ताच्या थोडं आधी, आणि सूर्य मावळेपर्यंत थांबून. रक्कम एका पेनीनं चुकली तरी मागणी फुकट. सतराव्या शतकातले खटले या तपशिलांनी भरलेले आहेत. वाचताना हसू येतं, पण त्यामागे शहाणपण आहे. एखाद्याचं घर काढून घ्यायचं तर निदान त्याच्या दारात जाऊन पैसे माग. मालकांच्या वकिलांनी यावर तोडगा काढला तो हाच: लीजमध्येच लिहून ठेवायचं, 'मागणी केली असो वा नसो'. पाच-सहा शब्दांत सूर्यास्तापर्यंतची ती सगळी तंगडतोड वाचली.

आणि मालक तरी कोण होते? १६७७ साली सर टॉमस ग्रॉव्हनरचं बारा वर्षांच्या मेरी डेव्हिसशी लग्न झालं. तिच्यासोबत लंडनच्या पश्चिमेची सुमारे ५०० एकर जमीन आली, तेव्हा कुरणं आणि दलदल. आज तिथे मेफेअर आणि बेल्ग्रेव्हिया आहे. अशा घराण्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबातच राहावी अशा करारांनी बांधलेली असे, विकता येत नसे. मग ती लीजवर द्यायची. बांधणारा स्वतःच्या खर्चानं घर बांधणार, वर्षाला थोडं भुईभाडं देणार, आणि मुदत संपली की जमीन घरासकट मालकाकडे परत. नातवंडांच्या काळात अख्खा मोहल्ला फुकट हातात.

आपल्या मुंबईचीही एक अशीच गंमत आहे. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं ते वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्यानं, दर ३० सप्टेंबरला देय. पुढे प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दादर-माटुंग्याचे प्लॉट दिले तेही लीजवरच. मी दादरची, त्यामुळे 'भुईभाडं' हा शब्द मला आजोबांच्या तोंडून आधी कळला, 'ग्राउंड रेंट' नंतर.

इथल्या वाचकांना पडणारा नेहमीचा प्रश्न: फ्लॅट विकत घेतला, तरी भाडं कसलं? कारण इंग्लंडमध्ये (स्कॉटलंडची गोष्ट वेगळी) 'छप्पर दुरुस्त करीन' हे पूर्ण मालकानं दिलेलं वचन त्याच्याकडून घर घेणाऱ्याला बांधत नाही. १८८५ च्या ऑस्टरबेरी खटल्यात हे पक्कं झालं आणि १९९४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते कायम ठेवलं. एकावर एक घरं असली की हे चालत नाही. लीजमधली वचनं मात्र पुढच्या खरेदीदारावर चालतात. म्हणून फ्लॅट लीजवर. आपल्याकडे हेच काम सहकारी सोसायटी करते. तिथली भांडणं मी लहानपणी जिन्यात उभं राहून ऐकली आहेत, पण तिथे निदान सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथे जमीनमालक ही एखादी कंपनी असते, तिने भुईभाड्यांचा गठ्ठा गुंतवणूक म्हणून दुसऱ्याकडून घेतलेला असतो, आणि पन्नास पौंडांच्या भाड्यात मिळकत ती काय? मिळकत फीमध्ये.

कायदा हळूहळू हलला. दक्षिण वेल्समध्ये खाणकामगारांची घरं ९९ वर्षांच्या लीजवर होती. ती मुदत संपायला आली तसा असंतोष वाढला आणि १९६७ च्या कायद्यानं घरांना मालकी विकत घेण्याचा हक्क मिळाला. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचे विश्वस्त याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये हरले. फ्लॅटवाल्यांना हा हक्क १९९३ मध्ये मिळाला. तेव्हाच्या ड्यूकनं रागावून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सोडला! २०२२ पासून बहुतेक नव्या लीजवर भुईभाडं म्हणजे नावापुरता मिरीचा एक दाणा. जुनी लीज आहेत तिथेच आहेत.

काकूंच्या कामाचा होता २००२ चा कायदा. त्याचं १६६ वं कलम म्हणतं: ठरलेल्या नमुन्यात नोटीस दिल्याशिवाय लांब मुदतीच्या लीजवरचं भुईभाडं देय होतच नाही, लीजमध्ये काहीही लिहिलेलं असो. नोटिशीत पैसे भरण्याची तारीख हवी, ती नोटिशीपासून ३० ते ६० दिवसांतली. म्हणजे वकिलांनी खोडलेली ती दारातली मागणी संसदेनं, सूर्यास्त वगळून, परत आणली. आणि ३५० पौंडांपर्यंतच्या थकबाकीसाठी, ती तीन वर्षांहून जुनी नसेल तर, लीज रद्द करता येत नाही. त्या ३५० मध्ये भाडं चुकल्याबद्दल लावलेली फी मोजायची नाही. मग पत्रातली ती धमकी पोकळच होती.

फीबद्दलही तसंच. ती लीजमध्ये बसली पाहिजे, रास्त असली पाहिजे, आणि मागणीसोबत लीजहोल्डरच्या हक्कांचा गोषवारा जोडलेला नसेल तर ती रोखून धरता येते. काकूंना सगळ्यात धीर आला तो एका वेगळ्या तरतुदीनं: नुसते पैसे भरले म्हणून तुम्ही ती फी मान्य केली असं धरलं जात नाही. भरल्यावरही ट्रिब्युनलकडे जाता येतं.

दुबई-मस्कतला राहून लंडनचा फ्लॅट भाड्यानं देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ही नोटीस पोस्टानं येते ती त्या फ्लॅटच्याच पत्त्यावर, तुम्ही मालकाला इंग्लंड किंवा वेल्समधला दुसरा पत्ता लेखी कळवला नसेल तर. परदेशातला पत्ता कळवून भागत नाही. तुमचा भाडेकरू ते पाकीट पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून देईल.

आम्ही एजंटला एक पानाचं पत्र लिहिलं: त्या दोन वर्षांच्या १६६ व्या कलमाखालच्या नोटिशींच्या प्रती पाठवा. तीन आठवडे गप्प. दुसरं पत्र, त्यात ट्रिब्युनलचा उल्लेख. मग उत्तर आलं: नोटिशी सापडत नाहीत, 'सदिच्छेपोटी' ४२० पौंड परत करत आहोत. सदिच्छा हा शब्द काकूंनी दोनदा मोठ्यानं वाचला.

मार्चमध्ये पुढच्या हप्त्याची नोटीस आली, ठरलेल्या नमुन्यात, तारखेसकट. काकूंनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेला गोल केला आणि २५ पौंडांचा चेक लिहिला. मग लीजचं पहिलं पान पुढे सरकवून म्हणाल्या, "हे २०७२ ला संपतं. वाढवायचं असेल तर काय करायचं, ते सांग आता."