हळद, मिरी आणि कर्करोग : बंगळुरूच्या प्रयोगाने काय सिद्ध केले?

हळद कर्करोगावर गुणकारी आहे आणि सोबत मिरी घेतल्यास तिचा गुण वीस पटींनी वाढतो, असे अनेकदा सांगितले जाते. यातील वीस पटींच्या आकड्याचे मूळ बंगळुरूत आहे. तेथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात झालेले संशोधन १९९८ साली 'प्लांटा मेडिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मात्र त्या प्रयोगात कर्करोगाचा एकही रुग्ण नव्हता.

पॉलिफेनॉल म्हणजे काय?

ऊन, कीड आणि बुरशी यांपासून संरक्षण व्हावे म्हणून वनस्पती जी रसायने तयार करतात, त्यांतील एक मोठा गट म्हणजे पॉलिफेनॉल. चहातील कॅटेचिन, कांद्यातील क्वेरसेटिन, द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल आणि हळदीला पिवळा रंग देणारे करक्युमिन ही त्याची परिचित उदाहरणे होत. चहाचा किंवा कच्च्या फळाचा तुरटपणा बहुतांशी यांच्यामुळेच असतो.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर यांतील अनेक द्रव्यांचा परिणाम दिसून आला आहे. पेशींची वाढ मंदावते, दाह वाढवणारे संकेत रोखले जातात आणि काही पेशी स्वतःहून नष्ट होतात. परंतु काचेच्या बशीतील पेशींवर द्रव्य थेट ओतता येते. मानवी शरीरात तसे घडत नाही.

बंगळुरूचा प्रयोग

तोंडावाटे घेतलेल्या करक्युमिनपैकी फारच थोडे रक्तात पोहोचते. आतड्याचे अस्तर आणि यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करून ते शरीराबाहेर टाकतात. बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम करक्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते अत्यल्प आढळले किंवा आढळलेच नाही. त्याच्यासोबत मिरीतील पिपरिन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिल्यावर पहिल्या तासाभरात रक्तातील प्रमाण बरेच वाढले. ही वाढ २००० टक्के असल्याचे नोंदवण्यात आले. पिपरिन हे रूपांतराची क्रिया मंदावते, असे त्याचे कारण सांगितले जाते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, मूळ प्रमाण शून्याच्या जवळ असल्यास वीस पट वाढूनही ते अल्पच राहते. दुसरी मात्रेची. हळदपुडीत करक्युमिन साधारण ३ टक्के असते. म्हणजेच २ ग्रॅम करक्युमिनसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद लागेल. वरणा-भाजीतून एवढी हळद एका दिवसात कोणाच्याही पोटात जात नाही.

रुग्णांवरील चाचण्या

मोठ्या आतड्यात शेकडो गाठी होऊन पुढे कर्करोगात परिणत होणारा एक आनुवंशिक विकार आहे. २००६ साली या विकाराच्या ५ रुग्णांना करक्युमिन व क्वेरसेटिन दिल्यावर गाठी कमी झाल्याचे वृत्त आले आणि आशा बळावल्या. २०१८ साली ४४ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात काहींना वर्षभर रोज ३ ग्रॅम करक्युमिन, तर इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली होती. दोन्ही गटांतील गाठींच्या संख्येत फरक आढळला नाही.

करक्युमिनने कर्करोग बरा होतो, हे मोठ्या चाचण्यांतून आजवर सिद्ध झालेले नाही.

धोका कोठे आहे?

करक्युमिनला रक्तात टिकवणारे पिपरिन इतर औषधांचेही गणित बिघडवू शकते. स्तनांच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. करक्युमिन आणि पिपरिन एकत्र दिल्यावर टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या क्रियाशील घटकाचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. म्हणजे पूरक म्हणून घेतलेली गोळी मूळ औषधाचे बळ कमी करू शकते. हळदीच्या तीव्र गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही अमेरिका आणि इटलीत नोंदली गेली आहेत.

पॉलिफेनॉल आहे म्हणून पदार्थ हितकारक, हा समजही चुकीचा आहे. सुपारीत कॅटेचिन आणि टॅनिन विपुल असतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. रेझव्हेराट्रॉलसाठी नावाजलेली लाल वाइनही त्यातील मद्यामुळे त्याच गटात मोडते.

सर्वांत मोठा धोका विलंबाचा आहे. प्राथमिक अवस्थेतील गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. घरगुती उपायांत काही महिने गेले, तर ती संधी हातची जाऊ शकते.

काय करावे?

स्वयंपाकातील हळद, मिरी, कांदा आणि माफक चहा यांना घाबरण्याचे कारण नाही. भाज्या, फळे, डाळी आणि भरड धान्ये यांनी युक्त आहार आरोग्यास उपकारकच आहे. मात्र गोळ्या, कॅप्सूल किंवा अर्क यांच्या रूपात ही द्रव्ये घ्यावयाची असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे. केमोथेरपी किंवा संप्रेरक उपचार सुरू असताना तर हे अत्यावश्यक आहे. तोंडात न भरणारी जखम, न दुखणारी गाठ किंवा अकारण रक्तस्राव दिसल्यास हळदीचा काढा हा उपाय नव्हे. तपासणी हाच उपाय आहे.