साम्सो बेटाचा ऊर्जा प्रकल्प

साम्सो बेटाचा ऊर्जा प्रकल्प हा डेन्मार्कमधील साम्सो नगरपालिका आणि तेथील रहिवासी यांनी १९९७ पासून राबविलेला नवीकरणीय ऊर्जेचा उपक्रम आहे. साम्सो हे जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्वेस, कॅटेगॅट समुद्रात वसलेले सुमारे ११४ चौ. किमी क्षेत्रफळाचे बेट असून त्याची लोकसंख्या सुमारे ३,७०० आहे. संपूर्ण बेटाची मिळून एकच नगरपालिका आहे; तिचे मुख्यालय त्रानेब्यर्ग या गावी आहे. प्रकल्प सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आतच बेटावर वर्षाकाठी वापरापेक्षा अधिक वीज निर्माण होऊ लागली. ही वीज देणाऱ्या पवनचक्क्या मुख्यतः शेतकरी, लहान भागधारक व नगरपालिका यांच्या मालकीच्या आहेत, हा या प्रकल्पाचा विशेष होय.

पार्श्वभूमी

१९९७ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण व ऊर्जा मंत्रालयाने एक स्पर्धा जाहीर केली. उपलब्ध तंत्रज्ञानाच्याच आधारे दहा वर्षांत आपली सर्व ऊर्जा नवीकरणीय साधनांतून कशी मिळविता येईल, याचा आराखडा स्पर्धक बेटांनी सादर करावयाचा होता. साम्सोचा आराखडा बेटावर न राहणाऱ्या एका अभियंत्याने तत्कालीन नगराध्यक्षांशी विचारविनिमय करून तयार केला होता. त्यामुळे साम्सोची निवड झाल्याचे वृत्त आले तेव्हा अनेक रहिवाशांना मुळात असा काही आराखडा दिला गेला आहे याचीच कल्पना नव्हती. विजेत्यासाठी रोख पारितोषिकही नव्हते.

त्या काळी बेटावरील वीज प्रामुख्याने मुख्य भूमीवरून समुद्राखालील केबलद्वारे येत असे आणि बहुतेक घरे खनिज तेल जाळून उबदार ठेवली जात. शेती हा तेथील मुख्य व्यवसाय असून साम्सोचे बटाटे डेन्मार्कभर प्रसिद्ध आहेत. याच सुमारास बेटावरील कत्तलखाना बंद पडल्याने अनेकांचा रोजगार गेला होता. हवामानबदलाच्या चर्चेपेक्षा गवंडी, नळकाम करणारे व लोहार यांना मिळू शकणारे काम हाच मुद्दा अनेकांना अधिक जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

लोकांचे मन वळविण्याच्या कामात सोरेन हेर्मान्सेन यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. बेटावरच जन्मलेल्या व काही काळ अध्यापन केलेल्या हेर्मान्सेन यांनी गावोगावी बैठका घेतल्या. २००८ मध्ये टाइम साप्ताहिकाने पर्यावरण क्षेत्रातील मान्यवरांत त्यांची गणना केली.

पवनचक्क्या व त्यांची मालकी

२००० मध्ये बेटाच्या भूमीवर प्रत्येकी १ मेगावॉट क्षमतेच्या ११ पवनचक्क्या उभारण्यात आल्या. त्यांपैकी नऊ शेतकऱ्यांच्या मालकीच्या असून दोन सहकारी तत्त्वावर, शेकडो लहान भागधारकांच्या पैशातून उभ्या राहिल्या. शासनाने पवनविजेस दहा वर्षांसाठी ठरावीक दराची हमी दिली होती; त्यामुळे सामान्य कुटुंबालाही गुंतवणुकीचा अंदाज बांधता आला.

पवनचक्क्यांना होणारा स्थानिक विरोध हा अनेक देशांतील परिचित अनुभव आहे. साम्सोत जागा ठरविण्यापूर्वी ग्रामस्थांशी चर्चा करण्यात आली आणि ज्यांना पवनचक्की रोज दिसणार, त्यांना तिच्यात भाग घेण्याची संधी देण्यात आली. स्वतःची पवनचक्की डोळ्यांना सहसा खुपत नाही.

२००२-०३ मध्ये बेटाच्या दक्षिणेस समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॉट क्षमतेच्या १० पवनचक्क्या उभारण्यात आल्या. त्यांचा हेतू वेगळा होता. मोटारी व फेरीबोटी तेलावरच चालत होत्या आणि त्यांना तेव्हा व्यवहार्य पर्याय नव्हता. म्हणून तेवढ्याच ऊर्जेची वीज मुख्य भूमीस पुरवून ही तूट हिशेबात भरून काढण्याचे ठरले.

नगरपालिकेचा सहभाग

या दहांपैकी पाच पवनचक्क्या नगरपालिकेने स्वतः कर्ज काढून घेतल्या. काही हजार लोकवस्तीच्या संस्थेसाठी ही जोखीम मोठी होती. डेन्मार्कमधील नियमांनुसार नगरपालिकेस वीजनिर्मितीतून नफा मिळवून तो अन्यत्र वापरता येत नाही. त्यामुळे हे उत्पन्न पुन्हा ऊर्जाविषयक कामांतच गुंतवावे लागते.

घरांसाठी उष्णता पुरविण्याचे नियोजन हेही तेथे नगरपालिकेचे कर्तव्य आहे. बेटावर चार सामुदायिक तापन केंद्रे आहेत. तीन केंद्रांत शेतातील गव्हाचे काड जाळले जाते, तर नोर्बी-मोरुप येथील केंद्र लाकडाचे तुकडे व सौर उष्णता यांवर चालते. तेथे तापविलेले पाणी जमिनीखालील नळांतून घरोघरी फिरविले जाते. बांधकामापूर्वी नाव नोंदविणाऱ्यांना नाममात्र शुल्कात जोडणी मिळाली. दूरच्या घरांनी उष्णता पंप, सौर संच व लाकडी इंधन यांचा अवलंब केला. बेटावरील सुमारे ७० टक्के उष्णता अशा साधनांतून मिळू लागली.

मर्यादा व पुढील वाटचाल

साम्सोची स्वयंपूर्णता वार्षिक हिशेबाची आहे. वारा पडला की बेट मुख्य भूमीवरून वीज घेते. शिवाय वीज बाहेर पाठविल्याने बेटावरील तेलाचा वापर थांबत नाही, ही टीका रास्त आहे. ती लक्षात घेऊन २०३० पर्यंत जीवाश्म इंधनांपासून पूर्णतः मुक्त होण्याचे पुढील उद्दिष्ट ठरविण्यात आले. २०१५ मध्ये नगरपालिकेने जटलंडकडे जाणाऱ्या मार्गावर ‘प्रिन्सेस इसाबेला’ ही द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी फेरीबोट सुरू केली. पुढे बेटावरच तयार केलेला जैववायू तिच्यासाठी वापरावा, अशी मूळ कल्पना होती. नैसर्गिक वायू मात्र जीवाश्म इंधनच आहे.

बालेन येथे २००७ मध्ये सुरू झालेल्या ऊर्जा अकादमीत अनेक देशांतील अभ्यासक येतात. २०२१ मध्ये साम्सोला संयुक्त राष्ट्रांचा हवामान कृती पुरस्कार मिळाला.

पवनचक्कीचे आयुष्य सर्वसाधारणपणे २० ते २५ वर्षे धरले जाते. २००० मध्ये उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांनी ही मर्यादा गाठली आहे. नव्या पवनचक्क्या आकाराने व किमतीने कितीतरी मोठ्या असतात आणि पूर्वीसारखी दराची हमी आता नाही. त्यामुळे लहान भागधारकांना त्यांत पूर्वीइतका वाटा घेणे अवघड झाले आहे.