पाते आणि परंपरा : मालवण किनाऱ्यावरून जपानी खड्गविद्येच्या घराण्यांचा विचार

१

जपानमधील जुन्या खड्गविद्येची काही घराणी आज युरोप-अमेरिकेतही अभ्यासली जातात. ज्या समाजात ती जन्मली तो समाज लोपला, ज्या युद्धांसाठी ती रचली गेली ती युद्धे थांबली, आणि ज्यांच्या कमरेला तलवार असे तो वर्गही नाहीसा झाला. तरीही परक्या देशातील माणसे चार-पाचशे वर्षांपूर्वीचे पवित्रे आणि वार जसेच्या तसे गिरविण्याचा प्रयत्न करीत आहेत. शस्त्रविद्या आपल्या मूळ भूमीपासून दूर कशी जाते, आणि गेल्यावर तिचे काय उरते, हा यातून निर्माण होणारा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा असा आहे.

या प्रश्नाचा विचार मालवणच्या किनाऱ्यावरून करण्यास विशेष कारण आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत परदेशी तलवार या किनाऱ्याला अपरिचित नव्हती. दक्षिणेस गोव्यात जपानी माणसे वावरत होती आणि वेंगुर्ल्यास जपानशी व्यापार करणाऱ्या डचांची वखार होती. असे असूनही जपानी खड्गविद्या येथे रुजल्याचे कोणतेही चिन्ह नाही. उलट युरोपातील पाते मात्र येथे आले आणि ‘फिरंग’ या नावाने मराठी शस्त्रागारात कायमचे स्थिरावले. पाते आणि विद्या यांच्या प्रवासाचे नियम वेगळे आहेत, हे या विरोधावरून ध्यानात येते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

२

जपान आणि पश्चिम किनारा यांचा संबंध प्रथम गोव्याच्या द्वारे आला. इ.स. १५४८ मध्ये आंजिरो नावाच्या जपानी गृहस्थाचा गोव्यात बाप्तिस्मा झाला आणि पुढील वर्षी तो फ्रान्सिस झेवियरबरोबर जपानला परतला. इ.स. १५८२ मध्ये नागासाकीहून रोमकडे निघालेले चार तरुण जपानी वकील जाताना व येताना गोव्यात राहिले. परतीच्या वास्तव्यात, इ.स. १५८७ मध्ये, त्यांच्यापैकी मार्तिन्यो हारा याने तेथे लॅटिनमध्ये भाषण केले आणि ते पुढील वर्षी गोव्यातच छापले गेले. ही झाली प्रतिष्ठितांची बाजू. दुसरी बाजू गुलामांची होती. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी विकत घेतलेले अनेक जपानी गोव्यात राहत होते. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानी गुलामांच्या व्यापारावरील बंदीला गोव्याच्या नगरसभेने विरोध केला, तेव्हा हे लोक लढवय्ये असून नगराच्या संरक्षणास उपयोगी पडतात, असा युक्तिवाद तिने केला होता.

पूर्वेकडील समुद्रात याच काळी जपानी सैनिक भाड्याने लढत होते. सयाममध्ये यामादा नागामासा हा दरबारी पदास पोहोचला; इ.स. १६२१ मध्ये बांदा बेटांवर डचांनी जपानी भाडोत्री सैनिक वापरले. पोर्तुगीज भाषेत ‘कताना’ हा जपानी शब्द रूढ झाला तो या संपर्कातूनच. परंतु शब्द रूढ झाला म्हणून विद्या रूढ झाली असे होत नाही. गुलाम आणि भाडोत्री सैनिक आपल्या अंगचे कौशल्य वापरू शकतात. पण शिष्य स्वीकारणे, त्याला क्रमाने शिकविणे आणि ‘हा आता शिकवू शकतो’ असा निर्वाळा देणे यांसाठी लागणारे स्थैर्य आणि अधिकार त्यांच्यापाशी नसतात.

पुढे तो मार्गही बंद झाला. तोकुगावा शासनाने इ.स. १६२१ मध्ये शस्त्रांच्या निर्यातीस आणि जपानी माणसे लढाईसाठी परदेशी नेण्यास मनाई केली, इ.स. १६३५ मध्ये जपानी प्रजेला देशाबाहेर जाण्यासच बंदी झाली. वेंगुर्ल्याची डच वखार स्थापन झाली ती इ.स. १६३७ मध्ये, म्हणजे या बंदीनंतर दोनच वर्षांनी. इ.स. १६४१ पासून जपानमध्ये व्यापाराची मुभा असलेले युरोपीय राष्ट्र एकट्या डचांचेच राहिले. त्यांच्या जहाजांतून जपानचे तांबे हिंदुस्थानच्या बाजारात येत राहिले. त्या भूमीतील खड्गविद्येचा आचार्य मात्र येणे शक्य नव्हते.

३

आता फिरंगेकडे वळू. पोर्तुगीज व अन्य युरोपीय व्यापाराबरोबर आलेली लांब, सरळ पाती दख्खनमध्ये मोलाची मानली जात. करवीरकरांनी इ.स. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला नजर केलेल्या, आज इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेल्या तलवारीचे पातेही युरोपीय आहे. पण हे पाते आपल्याबरोबर युरोपातील तलवारबाजीची पद्धत घेऊन आले काय? याचे उत्तर शस्त्राच्या मुठीत सापडते. फिरंगेला येथील कारागिरांनी एतद्देशीय मूठ बसविली : बोटांचे रक्षण करणारी परज, तळहात आतल्या आत घट्ट धरून ठेवणारी वाटी आणि मुठीच्या टोकास लांब गज. या गजावर दुसरा हात ठेवून दोन्ही हातांनी जोरकस वार करता येतो. युरोपात ज्या काळी तलवारीच्या टोकाने भोसकण्याच्या कलेला शास्त्राचे रूप येत होते, त्याच काळी तेथून आलेले पाते येथे मुख्यतः कापण्याच्या कामी लावले गेले. पाते परके होते, पण हात देशी राहिला.

दांडपट्ट्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच ठळक होते. या शस्त्राचे पाते लांब व लवचीक असून कित्येकदा तेही युरोपीय असे. पण मनगट आणि हाताचा पुढचा भाग झाकणारी लोखंडी मूठ, आणि तिच्यामुळे मनगटाऐवजी खांदा व कंबर यांतून निघणारा वार, ही येथील रचना होय. ‘पट्ट्याचे हात’ हा मराठी शब्दप्रयोगही शस्त्रापेक्षा शिकविलेल्या हालचालीकडे बोट दाखवितो.

४

जपानमधील घराणे, म्हणजे ‘र्यू’, ही संस्था नेमकी कशी असते हे पाहिल्यावाचून तुलना पुरी होणार नाही. उदाहरणासाठी तेन्शिन शोदेन कातोरी शिन्तो र्यू हे घराणे घेऊ. पंधराव्या शतकातील ईझासा इएनाओ हा त्याचा संस्थापक. चिबा प्रांतातील कातोरी देवस्थानाशी त्याचा संबंध असून प्रमुखपद आजवर ईझासा कुळातच चालत आले आहे. प्रवेशाच्या वेळी शिष्याने आपल्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घ्यावयाची असते. विद्या सार्वजनिक करू नये आणि तिचा दुरुपयोग करू नये, असा तिचा आशय असतो.

शिक्षण होते ते ‘काता’च्या द्वारे, म्हणजे दोघांनी मिळून करावयाच्या ठराविक वार-प्रतिवारांच्या मालिकेद्वारे, सरावाचे शस्त्र बहुधा लाकडी असते. या पद्धतीतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. दोघांपैकी वडील माणूस हरणाऱ्याची भूमिका घेतो. योग्य अंतर आणि योग्य क्षण तो शिष्याला पुरवितो आणि अखेरीस स्वतः वार स्वीकारतो. त्यामुळे काता हा एकट्याने पाठ करण्याचा विषय उरत नाही. समोर जाणता माणूस असल्यावाचून त्याचा अर्थच लागत नाही. जी विद्या शिष्यापर्यंत पोहोचली ती गुंडाळ्यांच्या रूपाने नोंदविली जाते आणि अखेरचा अधिकार लेखी परवान्याने मिळतो. परंतु त्या गुंडाळ्यांत बहुधा केवळ नावांच्या याद्या असतात. ज्याने हालचाल अंगी बाणविली नाही त्याला त्या वाचून काही कळत नाही.

हीच संस्था दोन संकटांतून निभावली. इ.स. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि सामुराई वर्गाचे उरलेसुरले चिन्हही गेले, इ.स. १९४५ नंतरच्या परकीय अंमलात शस्त्रविद्येच्या शिक्षणावर निर्बंध आले. इ.स. १९६० मध्ये चिबा प्रांताने कातोरीच्या या घराण्यास अमूर्त सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. डॉन ड्रेगर (१९२२–१९८२) हा अमेरिकन गृहस्थ या घराण्यात प्रविष्ट झालेला पहिला परदेशी मानला जातो. १९७० च्या दशकात त्याने जपानी शस्त्रविद्यांविषयी तीन खंड प्रसिद्ध केले. त्याच्या उदाहरणातील मर्म असे की, विद्या जपानबाहेर जाण्यापूर्वी परका माणूस घराण्यात आला. त्याने भाषा शिकली, शपथ घेतली आणि अनेक वर्षे वडील शिष्यांच्या समोर उभे राहून सराव केला.

याच्या उलट केंदो पाहा. बांबूची तलवार, चिलखत, गुण आणि पंच असलेला हा खेळ नियमांच्या पुस्तकाबरोबर सहज देशोदेशी गेला. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ इ.स. १९७० मध्येच स्थापन झाला. खेळाला नियम पुरतात, घराण्याला माणूस लागतो. म्हणूनच जपानबाहेरील जुन्या घराण्यांच्या शाखांत नेहमी उद्भवणारा वाद तंत्राइतकाच अधिकाराचा असतो : शिकविणाऱ्याला शिकविण्याची अनुज्ञा कोणी दिली, आणि मूळ घराण्याशी त्याचे नाते आजही जिवंत आहे काय?

५

हाच प्रश्न आपल्या परंपरेला विचारून पाहावा. मालवण बंदर आणि इ.स. १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग हे इ.स. १८१२ च्या तहापर्यंत करवीर राज्यात होते. घाटावरची तालीम आणि किनाऱ्यावरची शिबंदी एकाच सत्तेखाली नांदत होती. इंग्रजी अंमलात शिबंदी मोडली, आणि इ.स. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवारही परवान्याची वस्तू झाली. शस्त्रविद्या उरली ती कोल्हापुरासारख्या ठिकाणच्या तालमींत, ‘मर्दानी खेळ’ या नावाने. हे नावच पुष्कळ सांगून जाते. युद्धाचे प्रयोजन संपल्यावर विद्येने खेळाचा आणि उत्सवातील प्रात्यक्षिकाचा आश्रय घेतला. प्रेक्षकांपुढे पट्टा फिरविणे आणि लिंबू कापणे यांना महत्त्व आले; फरीगदग्यासारखा दोघांनी समोरासमोर करावयाचा सराव मागे पडला. जपानी ‘काता’ने जे अंतर व जो क्षण जपला, तोच भाग प्रात्यक्षिकात प्रथम गळून पडतो.

बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी इ.स. १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड प्रसिद्ध केले, ही मराठीतील मोठी कामगिरी होय. परंतु ग्रंथ वाचून पट्टा येत नाही, जसा गुंडाळी वाचून काता येत नाही. तो ग्रंथ पाहून ‘हे हात मी अमुक वस्तादाकडे शिकलो’ असे म्हणणारा कोणी असेल, तरच त्या नोंदीला पुराव्याचे मोल येते.

तथापि जपानी घराण्यांचे चित्र आदर्श म्हणून रंगविण्याचे कारण नाही. त्यांच्या अनेक वंशावळी देवदत्त प्रेरणेच्या कथांनी सुरू होतात, आणि तोकुगावा काळातील दीर्घ शांततेत त्यांच्या तंत्रावर शिष्टाचाराचे थर चढले. त्यांच्यापासून घेण्यासारखे आहे ते शिष्यपरंपरेची नोंद ठेवण्याचे कसोशीचे वळण.

६

इ.स. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. इ.स. २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. तटाच्या चिऱ्यांना आणि पोलादी पात्याला अशा रीतीने संरक्षण लाभले आहे. पण ज्या हाताने ते पाते चालविले त्याच्या वळणाला तसे संरक्षण घोषणेने देता येत नाही.

म्हणून या जिल्ह्यात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शस्त्रांच्या मोजमापाबरोबर तीन गोष्टींची नोंद घ्यावी. कोण कोणाकडे शिकला, हे निदान तीन पिढ्या मागे जाऊन विचारावे. प्रत्येक हाताचे बोलीतील नाव आणि त्याचा समोरच्या वाराशी असलेला संबंध टिपावा. आणि दशावतारातील युद्धनृत्यासारख्या रंगभूमीच्या हालचाली युद्धविद्येच्या हालचालींपासून वेगळ्या ठेवाव्यात. त्यांचे मोल निराळे असले तरी त्या निराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. जेथे शिष्यपरंपरा तुटलेली आढळेल तेथे ‘तुटलेली’ असेच लिहावे. अखंडतेचा पोकळ दावा करण्यापेक्षा खंड कोठे पडला हे नेमके दाखविणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे आहे. आणि जे वस्ताद आज हयात आहेत त्यांच्यासमोर उभे राहून शिकण्याची निकड त्यावरूनच कळते.