हातात हात



"शेकहँड इंग्रजांचा, नमस्कार आपला," असे आपण नातवंडांना सहज सांगून टाकतो. पण हातात हात देणे आपल्याकडेही फार जुने आहे. आपण ते रोजच्या भेटीसाठी वापरत नव्हतो, वचनासाठी राखून ठेवले होते, एवढाच फरक.

लग्नाचेच बघा. लग्नाला पाणिग्रहण म्हणतात, आणि पाणि म्हणजे हात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात वर वधूचा हात हाती घेतो. आपल्या गुजराती जैन घरांत तोच विधी हस्तमेळाप, मारवाडी घरांत हथलेवा. हात दिला की शब्द दिला.

बाजारातही तेच. गुरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. कॉमर्सच्या पुस्तकात याला 'हत्ता पद्धत' म्हणतात. शेतमालाची विक्रीही अशीच चाले. त्यात खोट अशी की ज्याचा माल, त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. म्हणून बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला. हात तोच, पण झाकला की विश्वासाचा फसवणुकीकडे जायला वेळ लागत नाही.

बाहेरच्या जगातही सुरुवात वचनापासूनच दिसते. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात असिरियाचा राजा शाल्मनेसर तिसरा आणि बॅबिलोनचा राजा यांनी हात मिळवल्याचे शिल्प निमरुदच्या सिंहासनाच्या चौथऱ्यावर कोरलेले आहे. ग्रीकांच्या थडग्यांवर नवरा-बायको उजवा हात हातात घेऊन उभे असतात. 'हातात शस्त्र नाही हे दाखवायला शेकहँड सुरू झाला' ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. रोजच्या भेटीत सगळ्यांशीच हात मिळवण्याची रीत वाढवण्यात सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाचा मोठा वाटा मानतात. मोठ्या माणसापुढे टोपी काढून वाकणे त्यांना पटत नसे. देवापुढे सगळे सारखे, मग सगळ्यांना एकच हात.

हे वाचले तेव्हा मला आपल्या भागाची आठवण झाली. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, आकुर्डीला बजाज, भोसरीची एमआयडीसी, आणि 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, केरळ, बिहार, सगळीकडची माणसे इथे एका लाइनवर उभी राहिली. गावात ज्यांच्या सावलीलाही लोक बाजूला होत, त्यांच्या मुलांचा हात इथे शिफ्ट बदलताना दुसऱ्याच्या हातात आला. कारखान्याने जात संपवली असे मी म्हणणार नाही. पण एक हात तरी मिळाला.

म्हणूनच 2020 साली मला एक गोष्ट खटकली. 9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले दोन करोना रुग्ण सापडले. त्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन आणि इंग्लंडचे प्रिन्स चार्ल्स पाहुण्यांना हात जोडून नमस्कार करताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. आपल्या मोबाइलवर मेसेज फिरू लागले, की बघा, आपले पूर्वज किती शहाणे, कुणाला शिवायचेच नाही! आजारापासून अंतर ठेवणे बरोबरच होते. पण 'न शिवणे' हा आपल्या पूर्वजांचा शहाणपणा म्हणून मिरवण्याआधी, त्यांनी कुणाकुणाला शिवले नाही याचाही हिशेब मांडायला हवा. खात्याची एकच बाजू लिहून ताळेबंद जुळत नाही.

हात जोडण्याचा अर्थ 'तू लांब राहा' असा नाहीच. णमोकार मंत्रात आपण कुणाचे नाव घेत नाही, जात विचारत नाही. वंदन गुणांना आहे. दोन हात जोडले की मान आपोआप खाली येते, आणि ती आपल्याच अहंकाराची खाली यायची असते.

क्षमापनेच्या दिवशी आपण 'मिच्छामि दुक्कडं' किंवा 'उत्तम क्षमा' म्हणत हात जोडतो. सोसायटीत, मंदिरात, व्हॉट्सअॅपवर शेकडो जणांना. यंदा ते जिना पुसणाऱ्या मावशींना आणि घंटागाडीवरच्या दादांनाही समोर उभे राहून म्हणू या. नुसते लांबून नको. पाण्याचा पेला द्यायचा तर तो ओट्यावर ठेवून नाही, त्यांच्या हातात द्यायचा, आणि तोही घरातल्याच पेल्यांतला.