पक्ष्याच्या पायातील कडे : भारतातील स्थलांतर-संशोधनाची वाटचाल

ऋतुमानानुसार पक्षी येतात आणि जातात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु अमुक एक पक्षी नेमका कोठून आला आणि कोठे गेला, हे सांगायचे तर त्या एका पक्ष्याला स्वतंत्र ओळख देणे भाग होते. १८२२ मध्ये जर्मनीतील क्लुट्झ गावाजवळ मारल्या गेलेल्या एका पांढऱ्या करकोच्याच्या मानेत मध्य आफ्रिकी बनावटीचा भाला रुतलेला आढळला, आणि युरोपातील करकोचे हिवाळ्यात आफ्रिकेत जातात याचा प्रत्यक्ष पुरावा हाती आला. हा करकोचा रोस्टॉक विद्यापीठात आजही जतन केलेला आहे. असा पुरावा मात्र योगायोगानेच मिळणार. त्याला पद्धतीचे रूप दिले ते डेन्मार्कमधील व्हिबोर्ग येथील शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेनसन यांनी. त्यांनी आधी वापरलेली जस्ताची कडी पक्ष्यांना जड झाली, म्हणून १८९९ मध्ये त्यांनी मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची हलकी कडी घातली. पुढील शतकभराचे स्थलांतर-संशोधन मुख्यतः या साध्या साधनावर उभे राहिले.

भारतात या कार्याचे केंद्र ठरली ती १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिच्या पुढाकाराने १९२७ मध्ये पवार घराण्याच्या धार संस्थानात कडी घालण्याचे काम प्रथम सुरू झाले. सोसायटीच्या कड्यांवर मुंबईला कळवावे अशी इंग्रजी सूचना आणि क्रमांक कोरलेला असे, आणि त्या सूचनेतच या पद्धतीचे मर्म आहे. कारण कडे घालणाऱ्याचे काम पक्षी हातातून सुटताच संपते आणि उरलेले काम दूर देशीच्या एखाद्या अनोळखी शिकाऱ्यावर, कोळ्यावर किंवा शेतकऱ्यावर सोपवले जाते. त्याने कडे फेकून दिले तर एक संपूर्ण प्रवास अज्ञात राहतो, आणि त्याने पत्र लिहिले तरच नकाशावर दोन बिंदू जोडले जातात.

या कार्याला मोठे बळ मिळाले ते एका रोगाच्या निमित्ताने. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ जंगलात जाणाऱ्या माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाचा विषाणू शोधून काढला, तेव्हा तो रशियातील मेंदूज्वराच्या एका विषाणूचा निकटचा नातेवाईक असल्याचे दिसले. साहजिकच उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांमार्फत तो भारतात आला असावा, अशी शंका घेतली गेली. तिची शहानिशा करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने १९५९ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्षी स्थलांतर प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांनी हा रोग आणल्याचे सिद्ध झाले नाही. तो येथील जंगलांतच आधीपासून असल्याचे पुढे मानले गेले, आणि २०१५-१६ मध्ये हाच ‘माकडताप’ गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्ग या भागांतही आढळला. मूळ शंकेला आधार मिळाला नाही, तरी तिच्या पाठपुराव्यातून जमलेले ज्ञान मोलाचे ठरले.

या प्रकल्पाचे एक प्रमुख ठिकाण राजस्थानातील भरतपूर होते. तेथे पक्षी धरण्याचे काम बिहारमधील मीरशिकार या परंपरागत पारध्यांनी केले. पाणथळीतील बदक कोणत्या वाटेने चरायला येते, पाण्याची खोली किती असता फास कोठे मांडावा आणि पिसाला इजा न होता पक्षी कसा सोडवावा, हे त्यांचे पिढीजात कसब होते. अली हुसेन यांच्यासारख्या मीरशिकारांनी एके काळी बाजारासाठी वापरली जाणारी ही विद्या विज्ञानाच्या कामी लावली, आणि तिचे श्रेय शास्त्रज्ञांच्या श्रेयाइतक्याच आदराने नोंदवले गेले पाहिजे. झाडोऱ्यातील लहान पक्ष्यांसाठी ‘मिस्ट नेट’, म्हणजे दोन काठ्यांमध्ये ताणलेले, सहसा नजरेस न पडणारे बारीक धाग्यांचे जाळे वापरले जाई. जाळ्यातून सोडवलेला पक्षी कापडी पिशवीत ठेवला जाई. मग त्याची जात, लिंग व वय ठरवून पंखाची लांबी मोजली जाई, वजन घेतले जाई, आणि पायाच्या जाडीप्रमाणे निवडलेले कडे पकडीने असे मिटवले जाई की ते पायावर सहज फिरावे, पण गळून पडू नये.

याच मोजमापातून पक्ष्यांच्या शरीरक्रियेवर प्रकाश पडला. परतीच्या प्रवासापूर्वी धरलेल्या पक्ष्यांचे वजन लक्षणीय वाढलेले आढळते, कारण लांबच्या उड्डाणाचे इंधन म्हणून ते कातडीखाली चरबी साठवतात. चरबीच्या एका ग्रॅममधून पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. म्हणूनच जेथे पक्षी ही चरबी कमावतात ते तळे आटले किंवा बुजवले गेले, तर त्याचा परिणाम हजारो किलोमीटर दूरच्या वीणक्षेत्रापर्यंत पोहोचतो. भरतपूरला कडी घातलेली बदके सायबेरियात व कझाकस्तानात सापडली, तेव्हा हे नाते कागदोपत्री सिद्ध झाले.

या इतिहासाला वादाची बाजूही आहे. पुढील काळात प्रकल्पाचा संबंध अमेरिकी लष्कराच्या निधीवर चाललेल्या रोगविषयक सर्वेक्षणाशी आला, आणि १९७०च्या दशकात त्यावरून संसदेपर्यंत प्रश्न उपस्थित झाले. परकीय लष्कराच्या पैशावर देशातील जीवसृष्टीची माहिती गोळा व्हावी का, हा प्रश्न रास्तच होता. तथापि कड्यांच्या नोंदवह्यांतील निरीक्षणांचे शास्त्रीय मूल्य त्यामुळे कमी होत नाही.

पुढे उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे आली आणि वाटेतील टप्पेही दिसू लागले. हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंब हंसांवरील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हृदयाचे ठोके व पंखांची गती नोंदवली गेली. हे हंस सतत उंचावरून न उडता भूप्रदेशाच्या चढउतारांना धरून उडतात आणि शक्य तेथे खाली उतरून श्रम वाचवतात, असे त्यातून निष्पन्न झाले. नागालँडमधील दोयांग जलाशयावर २०१२ मध्ये अमूर ससाण्यांची प्रचंड कत्तल उघडकीस आली. २०१३ मध्ये तेथील काही ससाण्यांवर यंत्रे बसवल्यावर त्यांचा अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंतचा मार्ग स्पष्ट झाला, आणि ज्या गावांत हत्या होत होती तीच गावे या पक्ष्यांची राखण करू लागली. २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीतील रोहितांवर सोसायटीने बसवलेल्या यंत्रांनी ही खाडी आणि गुजरातचा किनारा यांतील दुवा दाखवून दिला.

यंत्रे महाग असल्याने ती थोड्याच पक्ष्यांना लाभतात. म्हणून कड्याचे महत्त्व आजही संपलेले नाही. ज्या वाचकाला कडे असलेला पक्षी दिसेल किंवा मृत सापडेल, त्याने कड्यावरील क्रमांक, ठिकाण आणि तारीख नोंदवून शक्य तर छायाचित्रासह संबंधित संस्थेला अवश्य कळवावी. जिवंत पक्ष्याचे कडे मात्र काढू नये.