शरणपूरचीं आफ्रिकन मुलें

गुलामगिरी हा शब्द उच्चारतांच सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें अमेरिकेंतील कापसाचे मळे, अटलांटिक ओलांडणारीं जहाजें आणि अब्राहम लिंकनचा १८६३ चा जाहीरनामा हीं चित्रें उभीं राहतात. तीं खोटीं नाहींत. पण त्या चित्रांतला समुद्र पश्चिमेचा आहे. ज्या समुद्राच्या कांठीं मुंबई, गोवें आणि कच्छ-मांडवी वसलीं आहेत, त्या समुद्रावरूनहि शतकानुशतकें माणसें विकण्यासाठीं नेलीं जात होतीं. मोसमी वाऱ्यावर चालणारीं अरबी गलबतें हस्तिदंताबरोबर पूर्व आफ्रिकेंतील पोरें घेऊन निघत व तांबडा समुद्र, इराणचें आखात आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा येथें तीं उतरवीत. हा व्यापार अटलांटिकच्या व्यापाराहून जुना, आणि बंद पडला तोहि त्याच्या मागाहून.

शाळेच्या इतिहासांत १८३३ सालीं ब्रिटिश साम्राज्यांतून गुलामगिरी नष्ट झाली, असें एक वाक्य असतें. विद्यार्थी तें पाठ करतो आणि परीक्षेंत गुण मिळवितो. त्याच कायद्यांतून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना हीं ठिकाणें वगळलेलीं होतीं, हें त्याला कोणी सांगत नाहीं. हिंदुस्थानांतील कोर्टांनीं गुलामीचा हक्क मानूं नये असें ठरलें तें १८४३ च्या पांचव्या कायद्यानें. आणि माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६० च्या पीनल कोडानें, ज्याचा अंमल १८६२ पासून सुरू झाला. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी यांचे उल्लेख जागोजाग आहेत. त्यांची किंमत ठरे, त्या बक्षीस दिल्या जात, सरकारी कोठ्यांत व पागांत त्यांच्याकडून काम घेतलें जाई. व्यभिचाराच्या आरोपावरून एखाद्या बाईला कुणबीण करून टाकल्याचे दाखलेहि आहेत. गुलामगिरी ही परक्यांच्या घरची गोष्ट, असें म्हणण्याची सोय महाराष्ट्राला नाहीं.

दक्षिणेच्या इतिहासानें एका गुलामाला मात्र मानाची जागा दिली आहे. मलिकंबर हबसाणांत जन्मला, अनेकदां विकला गेला, शेवटीं निजामशाहीच्या दरबारीं मंत्र्याच्या पदरीं आला आणि पुढें त्या राज्याचा कर्ताकरविता होऊन १६२६ सालीं मरण पावला. त्याची जमीनधाऱ्याची पद्धत, औरंगाबादचें नहर आणि खुलताबादची कबर सर्वांच्या परिचयाचीं आहेत. तो आठवतो, कारण तो सत्तेवर चढला. जे चढले नाहींत त्यांची गोष्ट निराळी. आणि त्यांतलीच एक गोष्ट नाशिकांत घडलेली आहे.

इंग्रजी आरमाराच्या युद्धनौका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अरबी समुद्रांत गस्त घालूं लागल्या होत्या. मस्कतच्या सुलतानाशीं १८२२ व १८४५ सालीं तह झाले होते. त्यांच्या आधारें गलबतें अडवून आंतले गुलाम सोडविले जात. पण सोडविलेल्या माणसांचें पुढें काय करावयाचें? त्यांतलीं पुष्कळशीं आठ-दहा वर्षांचीं पोरें. न्यासा सरोवराच्या आसपासच्या खेड्यांतून तीं धरून आणलेलीं. किनाऱ्यापर्यंतची शेंकडों मैलांची वाट त्यांनीं जखडलेल्या तांड्यांत तुडविलेली. आपल्या गांवाचें नांव त्यांना सांगतां येई, पण तें गांव कोणत्याहि नकाशावर नव्हतें. तेव्हां कांहींना एडन, कांहींना मॉरिशस आणि कांहींना मुंबई येथें उतरविण्यांत येई. मुंबईंत १८६४ च्या शिरगणतींत सुमारें दोन हजार आफ्रिकी लोक मोजले गेले. गोद्यांतून आणि आगबोटींच्या भट्ट्यांपुढें राबणारा ‘शिद्दी’ हा त्या काळच्या मुंबईचा नेहमींचा माणूस होता.

नाशिक शहराबाहेर चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांनीं १८५४ सालीं एक ख्रिस्ती वसाहत वसविली होती. शरण आलेल्यांचें गांव म्हणून तिचें नांव शरणपूर. १८६० च्या सुमारास तेथें मुक्त केलेल्या आफ्रिकन मुलांसाठीं एक आश्रम सुरू झाला. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे त्याचे मुख्य चालक. मुलांना लिहिणें-वाचणें, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवीत. आश्रमांत मुलीहि होत्या. बाप्तिस्म्याबरोबर प्रत्येकाला नवें नांव मिळे, आणि तें बहुधा एखाद्या पाद्र्याचें किंवा विलायतेंतील दात्याचें असे. त्यामुळें याओ जातीचा चेंगविंबे हा मॅथ्यू वेलिंग्टन झाला, आणि दुसरा एक पोरगा जेकब वेनराइट. या मुलांच्या आयांनीं ठेवलेलीं नांवें बहुतेक हरवलीं, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. गुलामांच्या व्यापाऱ्यानें गांव घेतलें. नांव घेतलें तें सोडविणाऱ्यांनीं.

डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मुंबईशीं संबंध येथूनच येतो. १८६४ सालीं ते आपली ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट झांझिबारहून स्वतः हांकीत मुंबईस आले. त्यांच्याबरोबर चुमा आणि विकातानी हीं दोन मुलें होतीं. तीं त्यांनीं डॉक्टर जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेवलीं. पुढें बोट २३०० पौंडांस विकली आणि पैसे येथल्या एका पेढींत ठेवले. शेअरबाजाराच्या त्या कोसळण्यांत पेढी बुडाली आणि मुंबईच्या शेंकडों गृहस्थांप्रमाणें डॉक्टरसाहेबहि नागवले गेले. त्यानंतर १८६६ च्या जानेवारींत ते मुंबईहून आपल्या अखेरच्या प्रवासास निघाले. त्यांच्या तांड्यांत मुंबईच्या मरीन पलटणीचे तेरा शिपाई, नाशिकच्या आश्रमांतलीं नऊ मुलें आणि चुमा-विकातानी होते. मुंबईचे शिपाई लवकरच परत पाठविले गेले. नाशिकच्या मुलांविषयीं डॉक्टरांच्या रोजनिशींत तक्रारी पुष्कळ आहेत: तीं आळशी आहेत, कुरकुर करतात, वगैरे. ज्या मुलांना याच वाटांवरून दोरांत बांधून नेलें होतें, त्यांना त्याच वाटांवर ओझीं वाहण्याचा उत्साह कितपत असावा याचा विचार त्या तक्रारींत फारसा दिसत नाहीं. कोणी मेला, कोणी मारला गेला, कोणी सोडून गेला. सात वर्षांनंतर १८६६ च्या मंडळींपैकीं पांचच उरले होते. सुसी, चुमा, अमोदा आणि नाशिकचे दोघे, एडवर्ड गार्डनर व नाथानिएल माब्रुकी. दरम्यान १८७२ सालीं मदतीच्या तुकडींतून नाशिकचे आणखी सहा जण येऊन मिळाले होते. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांतले.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं आजच्या झांबिया देशांतील चितांबो नांवाच्या मुखियाच्या गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावले. पुढें जें झालें त्याचा निर्णय कोणाहि गोऱ्या माणसानें केलेला नाहीं, कारण शेंकडों मैलांत गोरा माणूस नव्हता. त्या साठ-सत्तर माणसांनीं आपसांत बसून ठरविलें कीं प्रेत आणि कागदपत्रें किनाऱ्यावर पोंचवावयाचीं. हृदय व आंतडीं काढून एका झाडाखालीं पुरलीं. जेकबनें प्रार्थना वाचली आणि खोडावर नांव व तारीख कोरली. शरीरांत मीठ भरून तें चौदा दिवस उन्हांत वाळविलें, कापडांत गुंडाळलें, वर झाडाची साल आणि शिडाचें कापड शिवून डांबर लावलें. मग हजारांहून अधिक मैलांची वाट. वाटेंत उन्यान्येंबे येथें लेफ्टनंट कॅमेरून भेटले. त्यांनीं प्रेत तेथेंच पुरण्याचा आग्रह केला. मंडळींनीं तो मानला नाहीं. पुढें एका मुलुखांत प्रेत घेऊन जाण्यास गांवकरी अडथळा करूं लागले, तेव्हां त्यांनीं काडांचें खोटें गांठोडें करून सहा माणसांबरोबर मागें पाठविलें, जणूं प्रेत परत नेऊन पुरलें. आणि खरें प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखें बांधून पुढें काढलें. या तांड्यांत हलीमा आणि न्ताओएका या स्त्रियाहि होत्या. हलीमा डॉक्टरांची स्वयंपाकीण. पुरुषांचीं नांवें निदान प्रवासवर्णनांत तरी आलीं. या बायकांचीं नांवें तेथेंहि क्वचितच घेतलीं जातात.

१८७४ च्या फेब्रुवारींत तांडा बागामोयो बंदरास पोंचला. झांझिबारच्या इंग्रजी वकिलातींतून बहुतेकांना पगार चुकता करून निरोप देण्यांत आला. नऊ महिन्यांच्या कामगिरीचा शेवट एवढाच. जेकबचें भाडें मिशननें दिलें म्हणून तो विलायतेस गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत पेटीजवळच्या मानकऱ्यांत उभा राहिला. सुसी व चुमा यांना डॉक्टरांच्या एका मित्रानें मागाहून बोलावून घेतलें. ते पोंचले तेव्हां अंत्यविधि होऊन गेला होता. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशीचें संपादन होरेस वॉलर यांनीं केलें, तेव्हां तुटलेल्या दुव्यांची माहिती या दोघांनींच तोंडी पुरविली. ॲबेंतील शिळेवर लिहिलें आहे कीं विश्वासू हातांनीं हा देह भूमि व समुद्र ओलांडून आणला. हात कोणाचे, तें शिळेवर नाहीं. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें या सेवकांसाठीं सुमारें साठ पदकें पाडलीं. पण तोंवर माणसें इतस्ततः पांगलीं होतीं आणि तीं सर्वांच्या हातीं पोंचलीं नाहींत.

हेंच १८७३ साल आणखी दोन कारणांनीं लक्षांत राहण्यासारखें आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांझिबारच्या सुलतानानें ५ जून रोजीं तहावर सही केली आणि तेथला गुलामांचा उघडा बाजार बंद झाला. त्या बाजारामागें अरबांबरोबर कच्छी व्यापाऱ्यांचेंहि भांडवल होतें. झांझिबारांतील हिंदी प्रजाजनांनीं स्वतः बाळगलेले हजारों गुलाम मुंबईच्या लष्करांतले अधिकारी कॅप्टन रिग्बी यांना १८६० च्या सुमारास सोडवावे लागले होते. आणि त्याच सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक छापून अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केलें. जोतीरावांची दृष्टि थेट अमेरिकेपर्यंत गेली, ही त्यांची थोरवी. नाशिकांत राहणाऱ्या मुक्त गुलामांकडे मात्र त्या काळच्या मराठी वाचकांचें लक्ष फारसें गेलें नाहीं. तीं मिशनचीं पोरें, म्हणजे पाद्र्यांचा विषय, असें मानलें गेलें असावें.

पुढें मिशननें आश्रमच आफ्रिकेंत हलविण्याचें ठरविलें. प्राइससाहेब १८७४ सालीं निघाले आणि मोंबासाच्या समोर फ्रिअरटाउन नांवाची वसाहत उभी राहिली. नाशिकची शंभराहून अधिक माणसें तेथें गेलीं. त्यांच्याआधीं, १८६४ पासूनच, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे जवळच्या राबाई येथें काम करीत होते. तेथल्या लोकांनीं या सर्वांना ‘बाँबे आफ्रिकन्स’ म्हटलें. सुतार, लोहार, शिक्षक, दुभाषे हे तेच. परंतु त्यांची स्थिति अवघड होती. स्वदेशीं परतूनहि ते तेथें परकेच. पोषाख व रीतिरिवाज निराळे. गोऱ्या पाद्र्यांच्या लेखीं मात्र ते शेवटीं मिशनचे नोकर. त्यांच्या पगाराबद्दल आणि मानाबद्दल वर्षानुवर्षें कुरबुर चालली. खुद्द वसाहतींत मुक्त गुलामांना फटके मारले जात असत, हें १८८१ सालीं सरकारी चौकशींत उघडकीस आलें. गुलामांना सोडविणाऱ्या संस्थेला ही शरमेची गोष्ट होती. तिच्या गौरवग्रंथांत ती शोधून काढावी लागते.

जोन्स यांची कामगिरी खास सांगण्यासारखी आहे. १८८५ सालीं त्यांना पाद्रीपद मिळालें. त्याच वर्षीं बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर ते युगांडाच्या वाटेवर होते, आणि बिशपांचा वध झाल्यावर उरलेला तांडा त्यांनींच किनाऱ्यावर परत आणला. राबाईंत त्यांच्या आश्रयाला आसपासच्या अरब व स्वाहिली मालकांचे पळालेले गुलाम येत गेले. मालक शस्त्रें घेऊन चालून येण्याच्या गोष्टी बोलूं लागले, तेव्हां १८८९ च्या आरंभीं ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीनें मालकांना रक्कम देऊन सुमारें चौदाशें माणसें मोकळीं केलीं. हें श्रेय सहसा कंपनीच्या खातीं मांडतात. पण कंपनीची माणसें त्या किनाऱ्यावर येण्यापूर्वींच राबाईचें दार पळून आलेल्यांसाठीं उघडें होतें.

जेकब वेनराइट १८९२ सालीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत उरांबो येथें वारला. मॅथ्यू वेलिंग्टन वृद्धापकाळापर्यंत मोंबासाला राहिला आणि १९३५ सालीं गेला. त्याच्या आदल्या वर्षीं जेम्स म्बोतेला यांचें मुक्त गुलामांविषयींचें ‘उहुरु वा वातुम्वा’ हें स्वाहिली पुस्तक निघालें. म्बोतेला हे स्वतः फ्रिअरटाउनांतील एका मुक्त गुलामाचे चिरंजीव. जेकबनें ज्या खोडावर अक्षरें कोरलीं तें झाड वठूं लागलें, तेव्हां कोरलेला भाग कापून लंडनला नेण्यांत आला. त्याच लंडनांत २००७ सालीं रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें बाँबे आफ्रिकन्सविषयीं प्रदर्शन भरविलें, आणि शिळेवर नसलेलीं नांवें निदान भिंतीवरल्या तक्त्यांवर लागलीं.

मोंबासाला फ्रिअरटाउनची घंटा अजून उभी आहे, आणि तिच्यावरून त्या नाक्याला केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशीं, असें म्हणतात. नाशिकांत शरणपूर रोड हा शहराचा गजबजलेला रस्ता आहे. दुकानांच्या पाट्यांवर, पत्त्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडीं तें नांव रोज हजार वेळां येतें.