चौलच्या बागा आणि ऑस्ट्रेलियाचा सरडा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं चौल आणि रेवदंडा हीं जुनीं गांवें वसलेलीं आहेत. नारळी-पोफळींच्या छायेंत विसावलेल्या या भूमीनें इतिहासांत मोठी उलथापालथ पाहिली. १५०८ सालीं चौलच्या पाण्यांत पोर्तुगीज आरमाराची मिसरी आरमाराशीं झुंज झाली. १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं येथें किल्ला बांधण्यास आरंभ केला. आणि १७४० सालीं तो मराठ्यांच्या हातीं आला. राज्यें गेलीं, तटबंदी ढासळली. परंतु त्या दर्यावर्दी काळांतील एक आगमन मात्र कायमचें टिकलें. तें आगमन फळांचें होय.

आज कोंकणांतील कोणत्याही परसांत पपई, पेरू, काजू आणि अननस हीं घरचींच झाडें वाटतात. वस्तुतः हीं सर्व अमेरिका खंडांतील. पोर्तुगीज आणि स्पॅनिश व्यापाराच्या वाटांनीं तीं सोळाव्या शतकांत व त्यानंतर पूर्वेकडे आलीं. १५८३ ते १५८८ या काळांत गोव्यास राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन यानें आपला प्रवासग्रंथ १५९६ सालीं प्रसिद्ध केला. पपई ही स्पॅनिश मुलखांतून फिलिपाइन्स व मलाक्कामार्गें हिंदुस्थानांत आली, अशी नोंद त्यांत आहे. आंबा आणि फणस हे येथलेच. परंतु हापूस हें नांव पोर्तुगीज आहे. कलिंगड मूळचें आफ्रिकेंतील, तर अंजीर पश्चिम आशियांतील. तात्पर्य, कोंकणची फळांची टोपली म्हणजे एक लहानसा जगाचा नकाशाच आहे.

या टोपलीजवळ आतां एक नवाच पाहुणा येऊन बसला आहे. बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा, हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्याच्या एका जातीचें शास्त्रीय वर्णन फ्रेंच पंडित क्युव्हिए यानें १८२९ सालीं केलें. घरोघर पाळली जाणारी मध्य ऑस्ट्रेलियांतील जात जर्मन शास्त्रज्ञ आल यानें १९२६ सालीं नोंदविली. रागावला किंवा भ्याला म्हणजे हा प्राणी गळ्याखालची कांटेरी कातडी फुगवितो व ती काळी पडते. तीच त्याची दाढी. ऑस्ट्रेलिया आपल्या वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीस मुभा देत नाहीं. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप-अमेरिकेंत त्याची पैदास होऊं लागली, आणि तेथून तो जगभर पसरला.

कोंकणास सरडा अपरिचित नाहीं. १६७० सालच्या सिंहगडच्या लढाईंत तानाजी मालुसऱ्यांनीं घोरपडीच्या साह्यानें कडा चढल्याची कथा पोवाड्यानें घराघरांत पोंचविली. इतिहासकार ती कथा प्रमाण मानीत नाहींत, हा भाग निराळा. घोरपड किडे, खेकडे, अंडीं व लहान प्राणी खाते; फळांशीं तिचा संबंध नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला पूर्ण संरक्षण असल्यामुळें ती पाळणें हा गुन्हा आहे. म्हणजे सरडा घरांत ठेवून त्याला खाऊं घालण्याची कोणतीही परंपरा येथें निर्माण झाली नाहीं. गाईला काय द्यावें, तें आजीला ठाऊक असे. पोपटाला पेरू आणि मिरची देण्याची जुनी चाल होती, जरी देशी पोपट पाळण्यासही आतां कायद्यानें बंदी आहे. सरड्याच्या बाबतींत अशी शिकवण नाहीं. म्हणून पोपटाची चाल सरड्याला लावली जाते, आणि प्रेमानें पुढें केलेली गोड फोड त्याच्या जिवावर बेतूं शकते.

याचें कारण त्याच्या मायभूमींत सांपडतें. मध्य ऑस्ट्रेलिया हा रूक्ष प्रदेश. तेथें रसाळ फळांचा सुकाळ नाहीं. जो किडा मिळेल तो, जें पान वा फूल हातीं लागेल तें, यांवर हा प्राणी जगत आला. लहानपणीं त्याचा भर किड्यांवर असतो. पूर्ण वाढ झाल्यावर त्याच्या आहाराचा मोठा भाग पालेभाजीचा असावा लागतो. फळ ही त्याला चव म्हणून द्यावयाची वस्तु आहे, जेवण म्हणून नव्हे. आठवड्यांतून एक-दोनदां, एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून कमी, एवढीच तिची मर्यादा. अधिक साखरेनें त्याचें पोट बिघडतें, अंगावर चरबी चढते व दांत किडतात.

दुसरी गोष्ट हाडांची. या प्राण्याच्या आहारांत फॉस्फरसच्या मानानें कॅल्शियम सुमारें दुप्पट असावें. तें प्रमाण उलटलें म्हणजे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढूं लागतें. मग जबडा मऊ पडतो, पाय वांकतात, अंग थरथरतें, आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणी दगावतो. या कसोटीवर कोंकणची टोपली तपासून पाहण्याजोगी आहे. १०० ग्रॅम पपईंत सुमारें २० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १० मिलिग्रॅम फॉस्फरस असतें. म्हणजे ती कसोटीस उतरते. ताजें अंजीर त्याहूनही सरस. आंब्यांत फॉस्फरस किंचित् अधिक, शिवाय साखर पुष्कळ. म्हणून हापूसची एखादी लहान फोड क्वचित् द्यावी. केळ्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या चौपटीहून अधिक. तें जवळजवळ वर्ज्यच समजावें. कलिंगड म्हणजे बहुतेक पाणीच. त्याचा अतिरेक झाल्यास जुलाब होतात.

फळ देतांना तें धुवून, साल, बी व कोय काढून, सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून लहान तुकडे करावे, म्हणजे घांस अडकत नाहीं. उरलेले तुकडे त्याच दिवशीं काढून टाकावे. दमट हवेंत ते लवकर आंबतात. लिंबू-संत्र्यासारखीं आंबट फळें देऊं नयेत. अव्हाकाडो विषारी आहे. अलिबागचा पांढरा कांदा माणसांच्या ताटांत कितीही नांवाजलेला असला, तरी तो व लसूण सरड्यापासून दूरच ठेवावे. पालक व माठ यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतें. म्हणून ते नित्य देऊं नयेत. लाल भोपळ्याचा कीस व जास्वंदीचें फूल त्याला मानवतें.

पावसाळ्यापूर्वीं सह्याद्रीच्या पायथ्याशीं काजव्यांनीं झाडें लखलखतात. तो देखावा रम्य खरा. परंतु अमेरिकेंतील काजवे खाऊन दाढीवाले सरडे मेल्याचें शास्त्रज्ञांनीं नोंदविलें आहे. एक काजवाही पुरेसा होतो. तेव्हां कोणताही चमकणारा किडा त्याच्या पिंजऱ्यांत जाऊं देऊं नये.

आहार कितीही नेमका असला, तरी हवेकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं. अलिबागेस वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ज्याचे पूर्वज कोरड्या उन्हांत वाढले, त्याला ही ओल श्वसनाच्या विकारांकडे नेते. ऊन किंवा योग्य अतिनील दिवा नसेल, तर शरीरांत ड जीवनसत्त्व बनत नाहीं. आणि तें नसेल तर पपईंतलें कॅल्शियमही व्यर्थ जातें. बसण्याची एक जागा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली नसेल, तर खाल्लेलें अन्न पचत नाहीं. फळ, ऊन आणि ऊब यांची अशी सांखळी आहे. तिचा एक दुवा तुटला कीं उरलेले निरुपयोगी ठरतात. भूक मंदावली किंवा पाय थरथरूं लागले, तर घरगुती उपायांत दिवस न घालवितां सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावें.

पपई कोंकणांत आली आणि रुजली, कारण तिला हवी तशी माती, ऊब व पाऊस येथें होता. सरड्यास येथें तशी भूमि नाहीं. त्याचा सारा देश एका पेटींत, माणसाच्या हातांनीं उभारावा लागतो. झाड परदेशांत आपलें मूळ स्वतः शोधतें. पिंजऱ्यांतल्या प्राण्यास तें स्वातंत्र्य नसतें. समोर ठेवलेली फोड तो विश्वासानें खातो. ती फोड कोणती, केवढी आणि कितव्या दिवशीं, हें ठरविण्याची जबाबदारी सर्वस्वीं त्याला घरांत आणणाराची आहे.